बिनगळाची दोरी

१४ ऑक्टोबर १९७८

पोचले एकदाची! या वर्षीच्या शेवटच्या लाँचने आले. मला आणि औषधांच्या खोक्यांना धक्क्यावर उतरवून ती लगेच वळली. आता बर्फ वितळेपर्यंत तिचं तोंड दिसायचं नाही. जलाशयाला इथे कुणी जलाशय म्हणत नाही, समुद्र म्हणतात. धरण बांधल्यावर इथली नदी पसरत पसरत एवढी झाली की पलीकडचा काठ दिसेनासा झाला. पाणी शिशाच्या रंगाचं, वर तसंच आभाळ. मला आवडलं. डोळ्यांना कुठे थांबावं लागत नाही.

धक्क्यावर दुकानवाली झिनाइदा भेटली. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "एवढीशीच? आम्हाला वाटलं, डॉक्टरीण म्हणजे चांगली दणकट पाठवतील. तुम्हाला तर पहिल्या वाऱ्यालाच समुद्र उडवून नेईल." मी डॉक्टर नाही, कंपाउंडरहून थोडी वरची, हे सांगून बघितलं. ती म्हणाली, सुई टोचता येते ना, मग आमच्यासाठी डॉक्टरच. आणि माझी जड पेटी स्वतःच उचलून चालायला लागली.

दवाखाना म्हणजे आर्खिप नावाच्या म्हाताऱ्याच्या घराची पुढची खोली. मधल्या खोलीत मी, मागे तो. धरणाच्या पाण्यात बोटींसाठी दिवे तरंगत असतात, ते लावायचं काम तो पूर्वी करायचा. आता पेन्शन घेतो. फार बोलत नाही. पण मी यायच्या आधीच भट्टी पेटवून ठेवली होती, आणि टेबलावर माशाचं सारण भरलेला मोठा पाव, झाकून. मी अर्धा संपवला. किती दिवसांनी भूक लागली!

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं लिही, म्हणजे झोप येईल. लिहिलं. बघू या.

१८ ऑक्टोबर

झोप येते! दिवसभर माणसं येतात. कुणाची कंबर, कुणाचा दात, आणि बरेचजण नुसते नवी बाई बघायला. झिनाइदाच्या सासूचे पाय सुजतात, तिला एक दिवसाआड बघायला जाते. झिनाइदाचा नवरा कुझ्मा आणि गावातले सगळेच पुरुष सध्या होड्या घेऊन समुद्रावर असतात. लवकरच पाणी गोठेल. तोवर मिळेल तेवढा मासा धरायचा, आणि बर्फ जाड झालं की त्याला भोकं पाडून पुन्हा सुरू.

आर्खिपही रोज दुपारी जातो. रिकाम्या हाताने परत येतो. रोज! झिनाइदा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या आर्खिपचे मासे भारी सभ्य हो. त्याची तब्येत विचारतात नि निघून जातात." सगळे हसले. आर्खिपही हसला, आपली काड्यापेटी घेतली नि गेला.

२१ ऑक्टोबर

आज शनिवार, सुट्टी. आर्खिपला म्हटलं, मलाही न्या. खूप वेळ दाढी खाजवली, मग म्हणाला, चल, काठाकाठाने जाऊ.

मला वाटायचं, मासेमारी म्हणजे झटापट. तसं काहीच नव्हतं. लाकडी फिरकीवर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसं नि गळ, त्यावर छोटासा मेलेला मासा. तो तळाला सोडायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा ठेवायचा. मग थांबायचं. मी सारखी हलवत होते, तर आर्खिप म्हणाला, "अगं पोरी, घाई कशाची? थंडीत मासा धावत नाही कशाच्या मागे. त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं नि गप बसायचं. त्याला वाटेल तेव्हा घेईल."

मी गप बसले. बोटं बधिर झाली. बऱ्याच वेळाने दोरी जराशी जड वाटली, ओल्या फडक्यासारखी. आर्खिप मान हलवून म्हणाला, ओढ. काचेच्या डोळ्यांचा, हातभर लांब सुदाक मासा आला वर! मी ओरडलेच. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. दोन वर्षांत इतक्या मोठ्याने काही बोलले नव्हते.

संध्याकाळी बटाटे घालून त्याचं सार केलं. आर्खिपने शेपटीकडचा भाग मला वाढला, आपण डोकं घेतलं.

२५ ऑक्टोबर

आज कळलं, तो रिकाम्या हाताने का येतो.

हट्टाने त्याच्याबरोबर गेले. त्याने होडी थेट खोल पाण्यात नेली, जिथे जुन्या नदीचं पात्र आहे. नांगर टाकला. आपली फिरकी काढली, ती वेगळीच, हाताने घासून घासून काळी झालेली. दोरीच्या टोकाला शिसं होतं, आणि तांबड्या लोकरीचा एक धागा. गळ नव्हता. मी म्हटलं, विसरलात. तो म्हणाला, नाही.

मग सगळं सांगितलं, पाण्याकडे बघतच. बायको होती, पेलागेया. तो पाशा म्हणायचा. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फावरून पलीकडच्या गावाला पीठ आणायला निघाली, ती परत आली नाही. शरीर सापडलं नाही. तांबडी शाल तेवढी बर्फाच्या कडेला अडकलेली मिळाली. पुढच्या वर्षी, याच दिवसांत, तो इथे मासे धरत बसला असताना दोरी कुणीतरी धरली. मासा धरतो तशी नाही. "बाजारात गर्दीत बायको बाही धरते ना, तशी."

मला वाईट वाटलं. एकट्या माणसांचं असं होतं, मी पाहिलंय. मग त्याने दोरी माझ्या हातात दिली.

मासा नव्हता. प्रवाह नव्हता. खालून कुणीतरी दोरी हातात घेतली, आणि धरून ठेवली. हळूच. किती वेळ, कोण जाणे. मी आर्खिपकडे बघितलं. तो लहान मुलासारखा हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

२९ ऑक्टोबर

लिहू की नको, असं झालंय.

दुपारी पुन्हा गेलो. दोरी त्याच्या हातात होती. इतकं शांत होतं की मी बोलायला लागले. आस्याबद्दल. इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी मुलगी. रक्ताच्या आजाराने गेली, सात वर्षांची असताना. आजारपणात माझ्याशेजारीच झोपायची, माझी करंगळी धरून. मध्येच दाबायची: दोनदा पटकन, मग एकदा लांब. म्हणजे, आई, आहेस ना? मीही तसंच दाबायचे. आहे गं, आहे.

आर्खिप एकदम ओरडला, "गप! पाण्यावर बोलू नकोस! नाव घेतलंस? नाव कशाला घेतलंस तिचं?" त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. भराभरा दोरी गुंडाळली नि काठाकडे वल्ही मारायला लागला.

मला राग आला. स्वतः इतकी वर्षं रडतो तिथे बसून. मी एकदा बोलले तर—

३० ऑक्टोबर

चहा घेताना आर्खिपने स्वतःहून विषय काढला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"ती पाशा आहे की नाही, मला ठाऊक नाही. पहिल्या वर्षी नुसतं धरायचं. मग मी बोलायला लागलो. पाशा अशी होती, पाशा तशी होती. एकदा सांगितलं, ती माझ्या पाठीवर बोटांनी ताल धरायची, तर दुसऱ्या दिवशी दोरीवर तोच ताल. मी सांगत गेलो, ते शिकत गेलं. जे सांगितलं नाही, ते त्याला कधीच आलं नाही. ध्यानात येतंय का तुझ्या?"

मी विचारलं, मग जाता कशाला?

म्हणाला, "दुसरं कोण आहे मला?"

पुढे म्हणाला, ते देईल तेवढं घ्यायचं, ओढायचं मात्र कधी नाही. ओढलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. आणि बर्फ धरलं की संपलं, वसंतापर्यंत. पण तू येऊ नकोस. तू अजून तरणी आहेस.

वचन दिलं मी. आस्या तिकडे चेरेपोवेत्स शहरातल्या दफनभूमीत आहे. कोरडी, वाळूची जमीन. पहिली मूठ मीच टाकली. पाण्याशी तिचा काय संबंध?

३ नोव्हेंबर

आर्खिप वाफेच्या स्नानाला गेला होता. मी होडी काढली. फिरकी भिंतीवरच टांगलेली असते.

नांगर टाकला. दोरी सोडली. वीतभर उचलली, ठेवली. थांबले.

दोनदा पटकन. मग एकदा लांब.

मला माहीत होतं. आर्खिपने सांगितलं होतं, आणि मला ते कळलंही होतं. मीच बोलले होते, मीच शिकवलं होतं. तरी माझ्या करंगळीने उत्तर दिलं. मी विचार करायच्या आधीच.

काठावर परतले तेव्हा हसत होते, असं झिनाइदाचं म्हणणं. तिला वाटलं, मोठा मासा लागला.

७ नोव्हेंबर

क्रांतिदिनाचा सण. दुकानात टेबलं मांडली होती, कुझ्माने अकॉर्डियन वाजवलं, खारवलेल्या अळंब्या, मांसाच्या वड्या, सगळं होतं. मी थोडा वेळ बसून निघाले. रोज जाते आता. आर्खिप निघण्याआधी, किंवा तो परतल्यावर.

झिनाइदाने दारातच गाठलं. "तुम्ही औषधं द्यायला आलात, की त्या म्हाताऱ्यासारखं पाणी राखायला? माझी सासू दोन दिवस पाय सुजवून वाट बघतेय. आणि तुमचा चेहरा बघा जरा! आलात तेव्हा गाल तरी होते." मग आवाज खाली आणून म्हणाली, की एकटं राहू नका, आमच्याकडे या झोपायला. "माझा नवरा घोरतो. पण निदान जिवंत आहे."

सासूला बघून आले. पाय फार वाईट सुजलेत. लाज वाटली. उद्या जाणार नाही.

८ नोव्हेंबर

गेले.

आज मी विचारलं, थंडी वाजते का? आस्या नेहमी तक्रार करायची, पाय गार पडलेत म्हणून. दोरी बराच वेळ नुसती थरथरत राहिली.

मी ओढली. थोडीशीच. हातभर. जड होतं, पण येत होतं. अडून राहत नव्हतं. कडेवर घेतलेलं मूल अंग सैल सोडतं ना, तसं. मग घाबरून सोडून दिली.

घरी येऊन आर्खिपला सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. तो मारेल असं वाटलं होतं. त्याने फक्त माझा हात आपल्या हातांत घेतला आणि बोटं चोळून गरम केली.

म्हणाला, चूक माझी. दोरी तुझ्या हातात मी दिली. उद्या जाऊन फिरकी दगडाला बांधून सोडून देतो खाली. "तुझं नि माझं, दोघांचंही संपू दे."

९ नोव्हेंबर

सकाळीच गेला. धुकं होतं. दाढी विंचरली होती, स्वच्छ सदरा घातला होता. मी धक्क्यापर्यंत गेले. म्हणाला, पाशाला सांगायला हवं ना, म्हणून थोडा वेळ लागेल.

अंधार पडला. आला नाही.

१० नोव्हेंबर

होडी कुझ्माला सापडली. नांगर जागच्या जागी. दगड आतच, फिरकी आतच, दोरी खाली सोडलेली, ताणलेली. कुझ्मा म्हणाला, हात लावताच सैल पडली.

पुरुष दिवसभर आकडे टाकून तळ शोधत होते. काही नाही. इथलं पाणी माणसं परत देत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि झिनाइदाने त्याला जोरात कोपर मारलं.

झिनाइदा रडली. मोठ्याने, हंबरडा फोडून. मी बघत राहिले. मला रडू आलं नाही.

माझ्यासाठी गेला तो.

कुझ्माने फिरकी आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याची आठवण म्हणून ठेवा, म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

काठाला बर्फ धरलंय, कागदासारखं. लाट आली की वाजतं.

फिरकी भट्टीत टाकायला गेले. दार उघडलं. तशीच उभी राहिले, निखारे विझेपर्यंत. परत टांगून ठेवली.

कळतंय मला. तोंडाशी आणून ठेवलंय, आणि गप बसलंय. घाई नाही कसली.

१६ नोव्हेंबर

रात्रीत सगळा समुद्र गोठला! सकाळी उठून बघते तो पांढरं, सपाट, स्थिर. लाटेचा आवाज नाही. मी ओसरीत उभी राहून किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. संपलं. आर्खिपने सांगितलंच होतं.

झिनाइदाच्या सासूकडे गेले, पाय बांधले, तिथेच जेवले. बायका आर्खिपच्या गोष्टी सांगत होत्या, कसा तरुणपणी नाचायचा, पाशा त्याला कशी चिडवायची. हसले मी. कुझ्मा पहारींना धार लावत बसला होता. आठवडाभरात बर्फ पेलायला लागेल, म्हणाला, मग तुम्हालाही नेतो. रस्ता गोठला की ट्रक सुरू होतील. झिनाइदा म्हणते, बहिणीकडे जाऊन या महिनाभर. जाईन.

बहिणीला लिहायला बसले. "प्रिय क्लाव्दिया" एवढंच लिहिलं, आणि पुढे सुचेना.

१७ नोव्हेंबर

झोप नाही. करंगळी दुखते. काही लागलेलं नाही, मी तपासलं. नुसती रिकामी वाटते.

वसंतापर्यंत.

तेवढा वेळ ती एकटी, बर्फाखाली, अंधारात— नाही. ती नाही. ती नाही, हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचता येईल.

१८ नोव्हेंबर

वाचलं. उपयोग झाला नाही.

आर्खिपची पहार घेतली. धक्क्याजवळच, काठापासून थोडंसं. बर्फ करकरलं, पण धरलं. मुठीएवढं भोक. नदीच्या पात्रापर्यंत जायला नकोच. उथळ आहे तिथे, कमरेएवढंही नाही. काही येणार नाही. नुसतं बघायचं होतं—

शिसं तळाला टेकायच्या आधीच कुणीतरी धरलं.

दोनदा. मग लांब. किती लांब! सोडेचना. मीही सोडलं नाही.

१९ नोव्हेंबर, दुपार

बोटं काम करेनात थंडीने. म्हणून दोरी घरात आणलीय. भोकापासून धक्क्यावरून, ओसरीवरून, दाराच्या फटीतून, टेबलापर्यंत. डाव्या करंगळीला बांधलीय. उजव्या हाताने लिहिते.

झिनाइदा येऊन गेली. दार उघडलं नाही. म्हणाली, "अहो, दारात ही कसली दोरी? उघडा, मी सार आणलंय गरम." मी म्हटलं, झोपलेय. पायरीवर ठेवून गेली. जाताना म्हणत होती, संध्याकाळी कुझ्माला घेऊन येते, दार फोडावं लागलं तरी चालेल. चांगली आहे ती. फार चांगली.

थोड्या वेळाने

पहार घेऊन परत गेले होते. भोक मोठं केलं. बरंच.

का, ते विचारू नये कुणी.

अंधारायला लागलं

ओढते आहे. जड आहे. येतंय. थांबत थांबत—

कुझ्मा अजून आला नाही

सैल पडली.

तुटली वाटलं. गुंडाळली थोडी. नाही, तुटलेली नाही. दोनदा पटकन, एकदा लांब, आहे. पण वजन नाही. गुंडाळते, सैल. अजून गुंडाळते, अजून सैल.

ओढावं लागत नाही आता. आपल्या पायांनी—

धक्क्याच्या फळ्या वाजल्या. हलकं वजन. फार हलकं. कुझ्मा नाही.

दोरी दाराच्या फटीतून आपोआप आत येतेय, ओली. मी गुंडाळायची थांबलेय.

हे ती नाही. हे ती नाही. मी सांगितलं तेवढंच त्याला येतं, आर्खिप म्हणाला होता, जे सांगितलं नाही ते कधीच—

पायरी. सार सांडलं.

आता थांबलंय दाराबाहेर. काहीतरी काढून ठेवतंय भिंतीशी. एक. मग दुसरं, त्याला चिकटून.

बूट काढतेय. बाहेरून आली की दोन्ही बूट भिंतीला टेकवून, एकमेकांना चिकटून ठेवायची. रात्री एकटे पडू नयेत म्हणून. फक्त तिला नि मला माहीत. हे मी पाण्यावर बोलले नव्हते. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मग खरंच—

आस्या, थांब बाळा, कडी काढते, तू फक्त तिथेच